चवथीच्या गोळ्या

"तिच्या पायजम्यार डाग आसा. मी ह्या डोळ्यांनी बघलंय."

न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं आणि मी आत ओल्या पायांनी टॉवेल धरून उभी होते. आवाज स्वयंपाकघरातून येत होता, काकीचा. आपण हळू बोलतोय असं तिला वाटत असावं. आमच्या घरातलं हळू बोलणं विहिरीपर्यंत ऐकू जातं.

"कसलो डाग?" आईने विचारलं.

"कसलो म्हणजे? आता तुका मी सांगू? सांग तिका, मागच्या पडवीत बस म्हणान. कशाकच हात लावूक नको. बाप्पा घरात इलेलो आसा."

कढईत उलथनं फिरल्याचा आवाज तेवढा आला. मग माझी वहिनी, म्हणजे काकीची मुंबईची सून, म्हणाली, "अरेरे, नेमकं आजच?" तिच्या आवाजात वाईट वाटल्याचा सूर होता आणि त्याच्याखाली थोडी गंमतही होती.

गणेश चतुर्थीची सकाळ होती. आमच्याकडे चवथ म्हणतात. पुढच्या खोलीत माटवी बांधून झाली होती. कांगल्यांची रानफळं, सुपाऱ्या, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, नारळ, सगळं त्या लाकडी चौकटीला टांगलेलं, आणि खाली गणपती. बाबा आणि चुलतभाऊ भटजींची वाट बघत होते. मी मात्र न्हाणीघरात उभी राहून माझ्या पायजम्याबद्दल तिघींची चर्चा ऐकत होते. डाग खरा होता. दोन होते, लहान, चहा सांडून वाळल्यासारखे. पण ती पाळी नव्हती. आणि ते डाग का पडले हे त्या घरात मला आणि आईला, दोघींनाच माहीत होतं.

ती पाळी नव्हती हे मला कसं माहीत, ते सांगते.

शाळेपासून मला पाळी आली की आठवडा उलटून गेला तरी थांबत नसे. आई म्हणायची, तुझ्या आजीचंही असंच होतं. काकी म्हणायची, बीट खा. मी बीट खाल्लं. खजूर खाल्ले. मग मी मालवणात एका बोटिंगवाल्याच्या ऑफिसात लागले. पर्यटकांची बुकिंग घ्यायची, त्यांच्याशी इंग्रजीत आणि हिंदीत बोलायचं, लाइफ जॅकेटच्या सूचना वाचून दाखवायच्या. तिथेच एकदा काउंटरवर उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आले तेव्हा दोन टुरिस्ट बायका माझ्या तोंडावर मिनरल वॉटर मारत होत्या आणि ऑफिसचा मालक म्हणत होता, "नाश्ता नाही करत या पोरी, डाएट करतात."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन इतकं कमी होतं की लॅबवाल्याने रिपोर्ट देताना मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग आई मला कुडाळला लेडी डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्तदाब बघितला, डोकं दुखतं का, घरात कुणाच्या रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, असं बरंच विचारलं. मग लोहाच्या गोळ्यांबरोबर दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि सरळ सांगितलं, "या गर्भनिरोधक गोळ्या आहेत. तुला रक्त कमी जावं म्हणून देतेय. नाव वाचून घाबरायचं नाही."

घाबरली आई. मी नाही. मला तर त्या बाईंनी ते नाव खालच्या आवाजात न घेता नेहमीच्या आवाजात घेतलं याचंच इतकं बरं वाटलं की पुढचं ऐकायला एक क्षण उशीर झाला.

पुढचं महत्त्वाचं होतं. त्या म्हणाल्या, "पहिले दोन-तीन महिने मधूनच डाग पडतील. स्पॉटिंग म्हणतात त्याला. ती पाळी नव्हे, शरीर सवय करून घेतंय. पॅड लावायचीही गरज पडणार नाही, पातळ लायनर पुरे. रोज ठरलेल्या वेळेला गोळी घ्यायची. वेळ चुकली, गोळी राहिली, तर डाग जास्त पडतील. आणि डाग पडले म्हणून मध्येच बंद करायची नाही. बंद केलीस तर खरंच रक्त येईल. खूप जायला लागलं, पाय सुजून दुखला, छातीत दुखलं, तर मात्र कुणाला विचारत बसू नको, सरळ इकडे ये."

एवढं सोपं होतं. रोज, ठरलेल्या वेळी, एक गोळी.

औषधाच्या दुकानात ते अवघड झालं. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, माझ्या गळ्याकडे बघितलं, मंगळसूत्र दिसलं नाही, मग आईकडे बघितलं. "कोणासाठी?" आई म्हणाली, "हिच्यासाठीच. रक्त कमी आहे हिला." तो म्हणाला, "हां हां," आणि ते 'हां हां' त्याने असं म्हटलं की दुकानातल्या बाकीच्या दोन माणसांनीही वळून बघितलं. पाकीट त्याने आधी वर्तमानपत्रात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत घातलं, मग पिशवीला गाठ मारली. बॉम्ब असल्यासारखं. मी दुकानात बोलत नाही, घरात बोलत नाही. बोटिंगच्या काउंटरवर बोलते ते सगळं पाठ केलेलं असतं.

स्पॉटिंग सुरू झालं ते पहिल्याच महिन्यात, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. मी त्याची व्यवस्था लावली. लायनर ऑनलाइन मागवले, कारण त्या दुकानात पुन्हा जायचं नव्हतं. सकाळचा गजर फोनवर लावला आणि त्याला 'मीटिंग' असं नाव दिलं. गजर वाजला की चहाच्या आधी गोळी. सुट्टी असो, ताप असो, गोळी आधी. गडद पायजमे घेतले. बॅगेत एक जादा अंडरवेअर आणि कागदी पिशव्या, कारण ऑफिसच्या संडासात डबा नव्हता. वापरलेलं लायनर कागदात गुंडाळून, बॅगेत घालून, घरी आणून टाकायचं. दिवसभर टुरिस्टांना "कचरा समुद्रात टाकू नका" सांगायचं आणि आपला कचरा पोटाशी धरून बसायचं.

ऑफिसचा गणवेश फिकट, जवळजवळ पांढरी पँट. मी मालकाला विचारलं, गडद निळी चालेल का. हे विचारायला मला आठवडा लागला. तो म्हणाला, "समुद्रावर फ्रेश कलर पाहिजे. टुरिस्टांना प्रसन्न वाटलं पाहिजे." मी म्हटलं, "ओके सर." त्या फ्रेश कलरच्या पँटमध्ये मी काउंटरमागे तीन महिने खुर्चीच्या कडेवर बसून काढले, आणि उठताना दर वेळी फाइल मागे धरली. टुरिस्ट प्रसन्न होते.

पण गोळ्यांचा उपयोग होत होता. पाळी थोड्याच दिवसांत आटपू लागली. जिना चढताना धाप लागेनाशी झाली. संध्याकाळी जेट्टीवरून घरापर्यंत मी चालत जाऊ लागले, आणि ते चालणं मला इतकं आवडायला लागलं की मुद्दाम लांबचा रस्ता धरायचे. पंचविशी जवळ आली तरी थकवा नसलेलं शरीर कसं असतं हे मला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक झाल्यावर मी कुणालाही ते परत देणार नव्हते. एवढं मनात ठरलेलं होतं. फक्त मनात.

आता काकीच्या गोळ्यांचं सांगते, कारण राग त्यांच्यापासून सुरू होतो.

आमच्या घराण्याचा गणपती काकीच्या घरी, म्हणजे मूळ घरी बसतो. तिथे मागे पडवी आहे, पुढे खळं म्हणजे अंगण, आणि स्वयंपाकघराला लागून सामानाची खोली. चवथीच्या आधी दोन आठवडे काकी त्याच औषधाच्या दुकानात जाते. यंदा मी बाहेर रिक्षात बसले होते, सगळं ऐकू येत होतं.

"काकीनू, औंदा किती?" दुकानदार हसत विचारतो.

"औंदा वाढव. मुंबयची सून येतली. आणि शेजारणीची दोन चेडवां आसत."

"गौरीपर्यंत पुरवूच्यो?"

"गौरीपर्यंत. देवाचा काम आसा, कमी पडाक नको."

चिठ्ठी नाही, तपासणी नाही, वर्तमानपत्र नाही, गाठ नाही. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या त्याने काउंटरवर उघड्या मोजून दिल्या, चणे द्यावेत तशा. वर म्हणाला, "गणपती बाप्पा मोरया."

मग संध्याकाळी काकी मागच्या पायरीवर बसते आणि एकेकीला बोलावते. "तुझी कधी गो?" जिची तारीख चवथीत येते तिला पाकीट मिळतं. "सकाळ-संध्याकाळ घे. विसरलंस तर देव बघता." कुणाला रक्तदाब आहे, कुणी अंगावर पाजते, कुणाचं डोकं दुखतं, ते कुणी विचारत नाही. वहिनी दरवर्षी घेते. दरवर्षी तिला मळमळतं, ती लिंबू हुंगत मोदक वळते आणि म्हणते, "काय करणार, सणाचं करावं लागतं ना."

काकीच्या बाजूने एवढं सांगते की तिच्या तरुणपणी या घरातल्या बायका चवथीतसुद्धा मांगरात बसत, आडवा पाऊस आत येत असला तरी. मांगर म्हणजे मागची पेंढा-लाकडं ठेवायची खोली. गोळ्या आणून तिने बायकांना मांगरातून घरात आणलं असं ती मानते. खोटं नाही ते. पण मांगराला कुलूप लावायचं मात्र तिच्या मनात कधी आलं नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुका?"

मी काही म्हणायच्या आत आई म्हणाली, "तिची होवन गेली, वैनीनू."

आणि खरंच मला गरज नव्हती. माझ्या पाकिटाच्या हिशेबाने माझी पाळी चवथीनंतर बऱ्याच दिवसांनी येणार होती. मी फक्त माझी गोळी रोज घेत राहायची होती. त्या घरातल्या सगळ्या बायकांत, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे गोळी घेणारी मी एकटी होते. आणि माझीच गोळी लपवायची होती.

चवथीच्या तीन दिवस आधी आम्ही मूळ घरी राहायला गेलो. संध्याकाळी मुंबईची मंडळी आली. बॅगा, पोरं, फरसाणाचे डबे, एकच गोंधळ. मला दिलेल्या खोलीतच वहिनी झोपणार असं ठरलं. ते कळताच आईने माझ्या बॅगेतून गोळ्यांचं पाकीट काढलं. मी तेव्हा खळ्यात पोरांबरोबर होते. तिला वाटलं, वहिनी काहीतरी शोधायला बॅग उघडेल, पाकीट बघेल, मुंबईची आहे, बघताक्षणी ओळखेल. मग काकीला कळेल, मग काकीच्या भावाकडून माझ्यासाठी आलेलं देवगडचं स्थळ जाईल. आईचे विचार असे उतारावरून पळतात. तिने पाकीट सामानाच्या खोलीत सोलांच्या बरणीमागे ठेवलं. तिथे कोण बघणार आहे, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजर वाजला. मी बॅगेत हात घातला. पाकीट नव्हतं.

आईला मागे विहिरीवर गाठलं. "आई, माझ्या गोळ्या?"

"शू. ठेवल्यात. देते नंतर."

"नंतर नाही. आत्ता."

"अगो, देते म्हटलं ना."

तिला द्यायच्या होत्या, यात शंका नाही. पण पहाटेच काकीने आंघोळ करून सामानाची खोली धुतली होती. नैवेद्याचे तांदूळ, गूळ, नारळ आत मांडले होते आणि दाराला कुलूप घातलं होतं. एकदा ती खोली सोवळ्यात गेली की गौरी जाईपर्यंत तिथे काकीशिवाय कुणी जायचं नाही. किल्ली तिच्या कमरेला. हे दरवर्षीचं आहे. आईला पंचवीस-सव्वीस वर्षं माहीत आहे. घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही.

आईने प्रयत्न केला. मी दारामागून ऐकला. "वैनीनू, जरा किल्ली द्या, हळद काढूची आसा."

"किती होयी? मी काढून देतंय."

"नको, मी घेतंय ना."

"तू न्हालंस?"

"हो."

"केस धुवलंस?"

आईने केस धुतले नव्हते. काकीने वाटीभर हळद आणून दिली. आई ती वाटी घेऊन परत आली आणि माझ्याकडे बघेना.

"दुसरं पाकीट आणूया," मी म्हटलं.

"कुठून? त्या दुकानातून? आज? सगळं गाव बाजारात आहे."

"मी जाते."

"आणि काय सांगशील?"

मी गेले नाही. ते मला अजून टोचतं, पण तो राग माझ्यावर नाही. बाजारात चवथीची गर्दी, काउंटरवर तो 'हां हां' करणारा माणूस, आणि मला एकटीने जाऊन मोठ्याने नाव सांगायचं. माझ्या जागी रोज बडबड करणारी मुलगीही घुटमळली असती. आई म्हणाली, "एक-दोन दिवसांनी काय होतंय?"

तेच झालं जे डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन सकाळी गोळी चुकली आणि चवथीच्या सकाळी डाग पडला. लायनर मी लावलेलं होतं, ते पुरलं नाही. रक्त कुणाला दिसू नये म्हणून गोळ्या लपवल्या आणि गोळ्या लपवल्या म्हणून रक्त दिसलं. एवढा साधा हिशेब, पण तो त्या घरात कुणासमोर मांडायची सोय नव्हती. आमच्या घरात या गोष्टीला 'अडचण' म्हणतात, 'बाजूला' म्हणतात, 'भायर' म्हणतात. शाळेच्या पुस्तकात इंग्रजी शब्द होता, पण टीचरने ते प्रकरण 'सेल्फ स्टडी' म्हणून सोडून दिलं होतं. पाळी नसलेल्या रक्ताला तर कुठेच शब्द नाही. काकीच्या जगात रक्त दिसलं की बाई बाहेर.

म्हणून मी बाहेर. मागच्या पडवीत, चटईवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून चार हातांवर. आई येऊन म्हणाली, "थोडा वेळ बस. काय करू मी?" मी म्हटलं, "काही नको करू." तिने ते शब्दशः घेतलं.

पुढे पूजा सुरू झाली. भटजींचा आवाज, मग आरती, टाळ. भाऊ दर कडव्याला ताल सोडून पुढे पळत होता आणि बाबा त्याला ओढून मागे आणत होते. पोरं धावत पडवीत आली आणि विचारलं, "तू का इथे?" मी म्हटलं, "कावळ्यांवर लक्ष ठेवतेय." त्यांना ते पटलं. एकाने माझ्यासाठी कावळा शोधला.

मला मात्र काही पटत नव्हतं. मी तिथे बसून वहिनीकडे बघत होते. ती आत-बाहेर करत होती, नैवेद्याचं ताट मांडत होती, आणि तोंड पिवळं पडलं होतं तिचं काकीच्या गोळीने. तिच्याही शरीरात तेच चाललं होतं, कसलीतरी गोळी रक्त थांबवून धरत होती. फरक एवढाच की तिची गोळी देवासाठी होती म्हणून ती आत, माझी माझ्यासाठी होती म्हणून मी बाहेर. देवाला सोय म्हणून शरीराशी काहीही करा, वाटा, मोजा, मोरया म्हणा. आपल्या शरीराची सोय बघितली तर बरणीमागे ठेवा. मला इतका राग आला होता की कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि मी बाहेरून अगदी गप्प, गुडघे जवळ घेऊन बसलेली. माझ्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं, किती शहाणी मुलगी आहे.

नैवेद्य दाखवून झाला. जेवणाची पानं मांडायची वेळ आली आणि काकीच्या लक्षात आलं, सोलकढी राहिली. "सोलां खंय ठेवलंय मी?" स्वतःशीच म्हणत ती सामानाच्या खोलीत गेली. आई भाताच्या तपेल्याजवळ उभी होती. तिचा हात थांबला. मी पडवीतून तो हात बघितला आणि मला पुढचं सगळं कळलं.

काकी बाहेर आली. एका हातात बरणी, दुसऱ्या हातात पाकीट.

"ह्यो कोणाच्यो गो?"

आईने डाव पुन्हा भातात घातला.

"चवथीच्यो नाय ह्यो. त्यो मी ओळखतंय." तिने पाकीट उजेडात धरलं, लांब केलं, जवळ आणलं. वहिनीने वाकून बघितलं आणि सासूकडे वळून तिच्या तोंडून गेलं, "अय्या. आई, या तर... मूल होऊ नये म्हणून घेतात त्या."

"देवाच्या खोलीत?" काकीचा आवाज चढला. "नैवेद्याच्या तांदळांत? कोणी ठेवल्यान?"

आई म्हणाली, "माझ्यो."

मला वाटलं होतं ती गप्प राहील. ती गप्प राहिली असती तर कदाचित मीही राहिले असते. पण ती भाताचा डाव हातात धरून, घामाने ओल्या कपाळाने, तिघींसमोर म्हणाली, "माझ्यो आसत, वैनीनू. चुकान ठेवलंय."

काकीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग हसली. "तुझ्यो? ह्या वयात? अगो, घोवाक सांग जरा धीर धर म्हणान, चेडू लग्नाक इला!" घोव म्हणजे बाबा, आणि लग्नाला आलेलं चेडू म्हणजे मी. वहिनीने तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते. पुढच्या खोलीत बाबा होते, दार उघडं होतं. आई मान खाली घालून भात उकरत राहिली, उकरलेलाच.

"शिरा पडो त्या डॉक्टरांच्या तोंडार," काकी म्हणाली, "काय काय देतत बायकांक. जळांदेत त्यो." आणि ती मागच्या चुलीकडे निघाली. मोठी तपेली उतरवल्यावरही त्या चुलीत अजून निखारे होते. चूल पडवीच्या कोपऱ्यात होती, माझ्या चटईच्या पलीकडे. उंबरा ओलांडून ती माझ्या समोरून जाणार होती, माझं पाकीट चिमटीत लोंबकळत धरून, मेलेली पाल टाकायला न्यावी तसं. आत कितीतरी गोळ्या अजून बाकी होत्या. मला त्यांच्या ओळी दिसत होत्या.

मी उठले. कशी उठले ते आठवत नाही, पण चूल माझ्या पाठीशी होती आणि काकी माझ्यासमोर. मी हात पुढे केला. माझा आवाज पुढच्या खोलीपर्यंत गेला असणार, कारण तिथलं बोलणं बंद झालं.

"चुलीत घालू नका, काकी. त्यो आईच्यो नाय, माझ्यो. माका खूप रक्त जाता म्हणान डॉक्टरनीन दिल्यान, मी रोज घेतंय आणि घेतच रवतलंय. आज डाग पडलो तो पाळी नाय. तुमच्या खोलीक कुलूप होता, माका दोन दिवस गोळी मिळाक नाय, म्हणान पडलो. हाडा हय, माझ्या हातात. आणि कोणीतरी माका पाणी द्या."